बारा एप्रिलची फरशी

भिंगरीचा वाढदिवस तेरा एप्रिलला असतो, हे अख्ख्या गल्लीला पाठ होतं. कोपऱ्यावरचा बेकरीवाला न सांगता केक बाजूला काढून ठेवायचा. वरच्या मजल्यावरचे आजोबा गुडघे धरत जिना उतरून यायचे आणि यंदा तरी दात नीट आलेत का बघू म्हणून तिला आ करायला लावायचे. सगळं कसं अगदी साग्रसंगीत. फक्त एवढंच, की ते खरं नव्हतं. भिंगरी जन्मली बारा एप्रिलला.

यात कुणाचं काही काळंबेरं नव्हतं हो. बारा एप्रिलला सकाळी भिंगरी आली आणि त्याच दिवशी तिची आई गेली. वर्ष फिरून तीच तारीख आली तेव्हा घरात केकचं नाव कोण काढणार? दुसऱ्या दिवशी आत्याच म्हणाली, पोरीचं पहिलं वर्ष आहे, काहीतरी गोडधोड करू या. पुढच्या वर्षीही तसंच झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही. होता होता बारा तारीख आईच्या फोटोची झाली आणि तेरा तारीख भिंगरीची. भिंगरीला एवढंच सांगितलेलं, की तू तान्ही होतीस तेव्हा आई गेली. तान्ही म्हणजे नक्की केवढी, हे तिनं विचारलं नाही आणि कुणी आपणहून सांगितलं नाही.

आत्या म्हणजे भिंगरीच्या बाबाची थोरली बहीण. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चालायचं. कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या कोटाचं अस्तर बदल, कुणी जाड झालं की शिवण उसवून दे. आणि तोंड असं, की गिऱ्हाईकानं चार दिवसांचं काम दोन दिवसांत मागितलं तर बिचारं घामाघूम होऊनच बाहेर पडायचं. तिचा भाऊ मात्र अबोल. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट वर-खाली करून देणारा हा माणूस स्वतः मात्र नऊ वर्षं कुठल्यातरी मधल्या मजल्यावर अडकून पडला होता. पोरीवर जीव टाकायचा, पण बारा तारीख आली की कामावर जायचा नाही, जेवायचा नाही, आतल्या खोलीत दार लोटून बसायचा. तेराला दाढी करून, नवा शर्ट घालून बाहेर यायचा.

हे असंच चाललं असतं. पण भिंगरीच्या शाळेत त्या फरशीवाल्या बाई होत्या ना!

खरं तर त्या इतिहासाच्या बाई. पण शाळेत त्यांना सगळे फरशीवाल्या बाईच म्हणायचे, आणि तेही त्यांच्या तोंडावर. झालं होतं असं, की शाळेला एक लांबच लांब व्हरांडा होता, चौकोनी फरश्यांचा. बाईंनी ठरवून टाकलं, एक फरशी म्हणजे एक वर्ष. वर्गाच्या दारातली फरशी यंदाची. तिथून मागे जाल तसे तुम्ही जुन्या काळात जाणार. व्हरांड्यातली वर्षं संपली की पायऱ्या उतरून अंगणात, तिथे एक पाऊल म्हणजे एक वर्ष. वर्गात ज्याचा वाढदिवस असेल त्या दिवशी सगळी पोरं त्याची तारीख चालायची. म्हणजे त्याच तारखेला जगात जे जे घडलं, त्या त्या वर्षाच्या फरशीवर एकेक मूल उभं राहायचं आणि आपली गोष्ट सांगायचं. बाकीची वरात सगळ्यात जुन्या वर्षापासून चालत यायची. शेवटची फरशी ज्याचा वाढदिवस त्याच्या जन्मवर्षाची. त्या फरशीवर घरचं कुणीतरी माणूस उभं राहून सांगायचं, की हा जन्मला त्या दिवशी काय झालं. मग ते मूल त्या फरशीवर चढायचं आणि सगळे टाळ्या वाजवायचे.

भिंगरीला याचं भयंकर वेड. दुसऱ्यांच्या तारखांना ती कधी राणी झाली होती, कधी भूकंप, एकदा तर छापखाना. घरी येऊन आत्याला सगळं परत करून दाखवायची. स्वतःच्या तेरा तारखेची ती वर्षभर वाट बघत होती.

एप्रिल लागला आणि एके दिवशी ती शाळेतून आली ती दप्तर भिरकावतच.

"आत्या, बाई काहीतरीच बोलतात. म्हणे माझी तारीख बारा! मी म्हणाले, तेरा. तर सगळे खी खी करून हसायला लागले. म्हणे हिला स्वतःचा वाढदिवससुद्धा माहीत नाही."

आत्याच्या मशीनखाली एका कोटाचं अस्तर होतं. तिची टीप अशी वाकडी गेली की पुढे सगळी उसवावी लागली. बाईंना काय कळतंय, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण पोरीनं असं रोखून बघितलं, की आत्याला खोटं बोलवेना.

"बाराच," ती म्हणाली.

"बारा तर आईचा दिवस आहे."

"हो."

भिंगरी मनातल्या मनात हिशेब जुळवायला लागली.

"म्हणजे मी आले आणि आई गेली? एकाच दिवशी?"

"हो गं."

"माझ्यामुळे?"

आत्यानं मशीनवरचा पाय काढला, पोरीला जवळ ओढलं आणि दोन्ही खांदे घट्ट धरले. "नाही. परत हा शब्द काढलास तर बघ. तुझ्या आईचं रक्त थांबलं नाही. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, तरी नाही थांबलं. त्यात तुझा काय गं संबंध? तू केवढीशी होतीस, माझ्या या कात्रीपेक्षा थोडी लांब."

"मग बाबा बाराला माझा वाढदिवस का करत नाही?"

नऊ वर्षांत आत्यानं भावाला हे कधी विचारलंच नव्हतं. इतर वेळी सगळ्या गल्लीला फैलावर घेणारी बाई, आणि नेमकी इथेच तिची वाचा बसली होती.

भिंगरीनं मग दुसऱ्या दिवशी बाईंना सांगून टाकलं, की मला तेरा तारीख द्या, नाहीतर मी त्या फरशीवर चढणार नाही. बाई म्हणाल्या, अगं, तारखा मी वाटत नाही. आणि वर निरोप पाठवला, की बाराला सकाळी घरचं कुणीतरी यावं.

झालं! आत्यानं कात्री आपटली, दुकानाला कडी घातली आणि तरातरा शाळेत गेली.

बाई व्हरांड्यातच भेटल्या. हातात खडू, केसांना खडू, चष्म्यावर खडू. आत्यानं नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"बाई, तुमच्या फरश्यांनी आमचं घर उसवलंय. नऊ वर्षं आम्ही कसंबसं टाके घालून धरलं होतं." आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं, एका दमात. सांगता सांगता आवाज चढला आणि शेवटी शेवटी बसला.

बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "चुकलंच माझं. मला हे ठाऊक नव्हतं. दाखल्यावरची तारीख बघायची आणि कामाला लागायचं, एवढंच मी करत आले." थोड्या थांबून त्या म्हणाल्या, "आणखी एक चुकलंय. पण ते इथे उभं राहून नाही सांगता यायचं. जरा चालता माझ्याबरोबर?"

आत्या खरं तर भांडायला आलेली. पण समोरचा माणूस आधीच चूक कबूल करून बसला की भांडणार कुणाशी? ती निघाली.

बाई तिला व्हरांड्यातून, अंगणातून, थेट फाटकाबाहेर घेऊन गेल्या. रस्ता ओलांडला, पलीकडच्या फुटपाथवर सायकल दुरुस्तीवाल्याची टपरी होती, तिच्याही पुढे जाऊन थांबल्या.

"हे सोळाशे तेहेतीस," बाई म्हणाल्या. "बारा एप्रिल. धर्मगुरूंनी एका म्हाताऱ्याला चौकशीला उभं केलंय. गॅलिलिओ. सत्तरीला टेकलेला, तब्येत बरी नाही. गुन्हा काय, तर तो म्हणतो, पृथ्वी फिरते. पुढे त्याला भर सभेत गुडघे टेकून सांगावं लागलं, की माझं चुकलं."

"अगंबाई!" आत्या म्हणाली. "फिरते म्हणाला म्हणून?"

"म्हणून. मरेपर्यंत घरात नजरकैदेत. आता चला."

दोघी परत निघाल्या. रस्ता, फाटक, अंगण. आत्याला वाटलं, केवढं चालतोय आपण! आणि प्रत्येक पावलाला एक अख्खं वर्ष सरत होतं. कुणी जन्मत होतं, कुणी मरत होतं, कुणी कपडे शिवत होतं. तिला आपल्या पावलांचा आवाज जरा मोठाच वाटायला लागला. पायऱ्या चढून त्या व्हरांड्यात आल्या आणि आणखी बऱ्याच फरश्या पुढे येऊन एका फरशीवर बाई थबकल्या.

"एकोणीसशे एकसष्ट. बारा एप्रिल. सत्तावीस वर्षांचा एक सुताराचा मुलगा, गागारिन, रॉकेटमध्ये बसून पृथ्वीच्या बाहेर गेला. माणूस पहिल्यांदाच तिथे गेला. एकशे आठ मिनिटांत तो पृथ्वीला अख्खी फेरी मारून परत आला. त्या म्हाताऱ्यानं जिच्यासाठी एवढं सोसलं, ती पृथ्वी यानं बाहेरून, खिडकीतून बघितली. त्याच तारखेला."

आत्यानं मागे वळून बघितलं. फाटक इथून केवढंसं दिसत होतं, आणि म्हातारा तर त्याच्याही पलीकडे. तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"उतरला कुठे माहितीये?" बाई आता रंगात आल्या होत्या. "हवाई छत्रीनं एका शेतात. तिथे एक आजी आणि तिची छोटी नात बटाट्याच्या कामाला लागलेल्या. समोर नारिंगी कपडे, डोक्यावर पांढरं शिरस्त्राण! दोघी घाबरून मागे सरल्या. तो म्हणाला, घाबरू नका, मी आपलाच माणूस आहे."

"घाबरतील नाहीतर काय! मी तर हातातलं फावडंच घातलं असतं," आत्या म्हणाली, आणि दोघी हसल्या. थोडं पुढे बाईंनी आणखी एक फरशी दाखवली, एक्याऐंशी सालची. पंख असलेलं अवकाशयान, तेही बारा एप्रिललाच पहिल्यांदा उडालेलं. खरं तर ते दोन दिवस आधीच उडायचं, पण आतले संगणक एकमेकांशी जुळेनात, म्हणून राहिलं आणि नेमकं या तारखेवर येऊन पडलं. मग बाई पुन्हा मागे आल्या, गागारिनच्याही थोड्या मागे, जुन्या वर्षात.

"आता ही पंचावन्नची. पोलिओची लस चालते, मुलांना ती सुरक्षित आहे, हे जगाला सांगितलं तो दिवस."

पोलिओ आत्याला पुस्तकातून नव्हे, कापडातून माहीत होता. तिच्याकडे एक म्हातारं गिऱ्हाईक यायचं. त्याच्या पँटीचा एक पाय बारीक शिवायचा, नाहीतर कापड पायावर लोंबायचं आणि लोक बघायचे. अशी पँट पूर्वी बरीच यायची, म्हणायची तिला शिवण शिकवणारी मावशी. आत्याच्या स्वतःच्या काळात ते एकच गिऱ्हाईक होतं.

"त्या दिवशी ती लस शोधणाऱ्या देशात चर्चच्या घंटा वाजल्या," बाई म्हणाल्या. "लोक रस्त्यात उभे राहून रडले. आधी लाखो मुलांनी ती लस टोचून घेतली होती, चालते की नाही ते बघायला. एवढ्या एवढ्या मुलांनी! आणि आता माझी चूक. मी पोरांच्या वाढदिवसाला नेहमी चांगल्या चांगल्याच गोष्टी निवडते. वाईट काही असलं तर मी ती फरशी गपचूप ओलांडून जाते. इथून दहा फरश्या मागे चला."

दोघी मागे गेल्या. ती फरशी इतर फरश्यांसारखीच होती. जराशी कोपऱ्यात फुटलेली.

"याच तारखेला त्याच देशाचा अध्यक्ष वारला. ऐन महायुद्धात. त्याला चाळिशीच्या उंबरठ्यावर पोलिओ झाला होता, असं तेव्हाच्या डॉक्टरांचं म्हणणं. पाय गेलेले. लोखंडी पट्ट्या बांधून उभा राहायचा. पोलिओवर औषध शोधायचं काम त्यानं सुरू करून दिलं, लोकांनी चिल्लर पाठवून पाठवून ते चालवलं. त्याला ते औषध बघायला मिळालं नाही. बरोबर दहा वर्षांनी, तो गेला त्याच दिवशी, लस मिळाल्याची बातमी आली. मुद्दाम तो दिवस धरला की आपोआप जुळला, यावर माणसं अजून वाद घालतात. मी ही फरशी भिंगरीला दाखवणारच नव्हते."

आत्या त्या फुटक्या फरशीकडे बघत राहिली. मग दहा फरश्या पुढच्या फरशीकडे. मग परत मागे. एकाच तारखेच्या या दोन फरश्या. पहिलीवर लोक रडलेले आणि दुसरीवरही लोक रडलेले, पण किती वेगळे! तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

"दाखवा तिला," ती म्हणाली.

घरी येऊन आत्यानं भिंगरीला समोर बसवलं आणि आपल्याला जमेल तसं सगळं सांगितलं. म्हातारा, रॉकेट, आजी आणि नात, बारीक पायाची पँट, घंटा, आणि ती फुटकी फरशी. भिंगरी तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"हे सगळं माझ्या तारखेला झालं?"

"तुझ्याच."

"मी माझ्या फरशीवर नाही चढणार," भिंगरी म्हणाली. "पण त्या फुटक्या फरशीवर मी उभी राहीन. तिथे दुसरं कुणी नको."

संध्याकाळी भाऊ घरी आला. हात ग्रीसनं काळे, खांद्याला हत्यारांची पिशवी. तो मोरीत हात चोळत असताना आत्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाराला पोरीच्या शाळेत यायचंय तुला."

"बाराला नको, ताई."

"का नको? नऊ वर्षं विचारलं नाही, आज विचारते. तिचा दिवस तू तिला का देत नाहीस?"

तो बराच वेळ नळाखाली हात धरून राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"त्या दिवशी मला हसता येत नाही गं," तो म्हणाला. "प्रयत्न केला मी. नाही जमत. तिच्या वाढदिवसाला तिनं बापाला रडताना बघायचं का? म्हणून तिला एक कोरा दिवस दिला. ज्यावर काही डाग नाही असा."

नऊ वर्षं आत्या या माणसाला मनातल्या मनात बोल लावत आली होती. पण आता गप्प बसून भागणार नव्हतं.

"आणि पोर काय समजते, ठाऊक आहे? तिनं विचारलं मला, माझ्यामुळे का? तिला वाटतं, तू बाराला तिचा वाढदिवस करत नाहीस म्हणजे तू तिच्यावर रागावलायस."

भावाच्या हातातला साबण सटकून मोरीत पडला. तो तसाच वाकून शोधत राहिला. डोकं वर काढलंच नाही त्यानं. जेवायलाही आला नाही. आत्याला वाटलं, गेलं, सगळं मुसळ केरात.

बारा तारखेला सकाळी आतल्या खोलीचं दार लोटलेलंच होतं. आत्यानं एकदा टकटक केलं. उत्तर नाही. ती मनातल्या मनात धुसफुसत भिंगरीला घेऊन शाळेत गेली. भिंगरीच्या फरशीवर मीच उभी राहीन, दुसरं कोण आहे तिला, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. काय बोलायचं, ते मात्र सुचत नव्हतं.

बाईंनी पोरांना जागेवर लावलं. पांढऱ्या कापसाची दाढी चिकटवलेला एक मुलगा रस्त्यापलीकडे नेऊन उभा केला, शिपाईकाका त्याच्या सोबतीला. बाकीची वरात, आत्या धरून, फाटकाबाहेर पडून रस्ता ओलांडून गेली. आणि आत्याला सायकलवाल्याच्या टपरीच्या पुढे, कापसाच्या दाढीशेजारी, भाऊ दिसला.

दाढी केलेली नव्हती. नवा शर्ट नव्हता. खांद्याला हत्यारांची पिशवी तशीच. पहाटेच घराबाहेर पडून कुठे कुठे फिरत होता कोण जाणे. आत्यानं नुसती मान हलवली आणि तो वरातीच्या मागे लागला.

"मी म्हणालो, पृथ्वी फिरते!" दाढीवाला जीव तोडून ओरडला. "त्यांनी मला विचारलं, तू असं का म्हणालास? मला भीती वाटली. पण पृथ्वी फिरतच होती!"

सायकलवाल्यानंसुद्धा हातातला पाना खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. वरात निघाली. रस्ता, फाटक, मग अंगण, नुसती पावलंच पावलं. पोरं आधी खिदळत होती, हळूहळू गप्प झाली. एवढी सगळी वर्षं, आणि प्रत्येक वर्षात एक बारा एप्रिल! त्यातल्या बहुतेकांचं कुणाला काही माहीतही नव्हतं. तरीही ते दिवस उगवले होते, मावळले होते. लहान पोरांनाही ते कुठंतरी आत जाणवलं असावं, कारण पायऱ्यांपाशी सगळी वरात एकदम हळू चालायला लागली.

व्हरांड्यात, फुटक्या फरशीवर, भिंगरी उभी होती. बापाला बघून तिचे डोळे विस्फारले. पण आपलं काम तिनं सोडलं नाही.

"आज एक माणूस गेला," ती म्हणाली. "त्याचे पाय चालत नव्हते. त्याला वाटत होतं, लहान मुलांचे पाय चालावेत. ते त्याला बघायला नाही मिळालं. सगळे लोक आज रडतायत. त्यांना माहीत नाही, दहा वर्षांनी याच दिवशी काय होणारे."

आणि दहा फरश्या पुढे एका मुलीनं हातातली घंटा दणादणा वाजवली. "लस मिळाली! लस मिळाली! आता मुलं पळतील!" असं म्हणून ती स्वतःच आनंदानं दोन फेऱ्या पळाली, ते काही ठरलेलं नव्हतं. मग रॉकेटवाला मुलगा, मग घाबरलेली आजी आणि नात, मग हात पसरून उडणारं यान. टाळ्या, हशा. भिंगरीचा बाप मात्र फुटक्या फरशीपाशीच थांबला होता. भिंगरी आणि तो, दोघंच. त्यानं तिचा हात धरला आणि तिला घेऊन पुढे चालायला लागला.

वर्गाच्या दारापासून थोड्या अंतरावर खडूनं तारा काढलेली भिंगरीची फरशी होती. आत्या पुढे सरसावली होती, ती चटकन मागे झाली. भाऊ त्या फरशीवर उभा राहिला. ग्रीसचे डाग पडलेले त्याचे जाडजूड बूट फरशीवर मावतील एवढेच.

"त्या दिवशी," तो म्हणाला आणि थांबला. "त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. मी नऊ वर्षं दुसरीच धरून बसलो. पहिली कुणाला सांगितलीच नाही."

आत्यानं ओढणीच्या टोकाचा बोळा तोंडाशी धरला.

"उजाडता उजाडता भिंगरी झाली. एवढं रडली, एवढं रडली, की शेजारच्या खोलीतली माणसं दार उघडून बघायला आली. मग तिला तिच्या आईकडे दिलं, तर गप्प. एकदम गप्प. तिच्या आईनं तिची बोटं मोजली, कान बघितले, आणि मग माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, सगळं ठीक आहे हो, पण नाक मात्र तुमच्यावर गेलंय, आता काय करायचं?"

पोरं खो खो हसली. भिंगरीचा हात आपोआप नाकाकडे गेला. बाप हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदम.

"काका, तुम्ही रडताय," कापसाच्या दाढीवाला म्हणाला.

"हो रे. रडतोय. आणि आज माझ्या पोरीचा वाढदिवसही आहे."

भिंगरी त्याच्याकडे टक लावून बघत होती. आत्या तिला ओळखून होती. पोर हिशेब जुळवत होती.

"बाबा, मग आई कधी गेली?"

"दुपारी."

"तोपर्यंत मी कुठे होते?"

"तिच्याजवळ. तिनं तुला खालीच ठेवू दिलं नाही कुणाला."

भिंगरीनं एक लांब श्वास घेतला.

"म्हणजे माझ्या वाढदिवसाला आई होती!" ती म्हणाली. "तेराला ती कधीच नव्हती, बाबा. बाराला होती."

एवढं साधं, आणि नऊ वर्षांत ना बापाच्या लक्षात आलं होतं, ना आत्याच्या. भिंगरी पुढे झाली. फरशीवर जागाच नव्हती, म्हणून ती सरळ बापाच्या बुटांवर चढली आणि त्याच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. मग कुठे पोरांना आठवलं, की आता टाळ्या वाजवायच्या असतात.

आत्यानं नाक पुसलं आणि तशीच शाळेबाहेर पडली. बेकरीवाला केक उद्यासाठी काढून ठेवणार होता, आणि आजच हवा म्हणून त्याच्याशी तिला आत्ताच्या आत्ता भांडायचं होतं.